तापत्या मोटरीतून मेहकरला

आमच्या मामंजींच्या मोटरीला पाण्याचा पंप नाही. हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. सासूबाई मला डाळींचे डबे दाखवत होत्या, तेवढ्यात मामंजींनी अंगणात हाक मारली, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "हे बघ सूनबाई. इंजिनाभोवती पाणी आहे. ते तापलं की आपोआप वर चढतं, पुढच्या जाळीत येतं, वाऱ्यानं गार झालं की खाली उतरतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. कुणी ढकलावं लागत नाही. हल्लीच्यांना पंप लागतो." 'हल्लीच्यांना' म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मोटर लढाईच्या आधीची, विलायती. मामंजी सरकारी ओव्हरसियर होते तेव्हा मायदेशी परत चाललेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. पुढच्या जाळीच्या डोक्यावर पितळी टोपी, आणि टोपीवर काचेची एक गोल डबी. तिच्यात थर्मामीटर. तांबडा रस मधल्या रेघेच्या खाली असला की मामंजी खुशीत असतात. रेघेला टेकला की घसा खाकरतात. रेघेच्या वर गेला की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

आता मेहकर का, ते सांगते. मामंजींची थोरली बहीण लग्न होऊन पन्नास वर्षांपूर्वी तिकडे वऱ्हाडात गेली. घरात लहानथोर सगळे त्यांना आक्काच म्हणतात. आक्कांचे यजमान गेले, मुलगा विष्णू नदीकाठच्या मळ्यात भाजीपाला करतो. या चैत्रात त्याच्या बायकोचं, शांताचं, पत्र आलं. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. परवा त्या शेजाऱ्यांच्या म्हशीला आपली समजून अर्धा तास गोंजारत बसल्या होत्या, आणि मग आपली म्हैस इतकी का लाथ मारते म्हणून रागावल्या. पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पावसाळ्याच्या आत आणा, फार पिकू दिलात तर डोळा जाईल. तसं कळवलं. आक्कांचं उत्तर शांताच्या अक्षरात आलं: "मी एसटीत बसणार नाही. दत्तूने त्याची मोटर आणली तर येईन."

ती मोटर नगरच्या पुढे कधी गेलेली नाही, हे आक्कांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हा सरळ नकार होता. पण मामंजींनी पत्र दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. नेतो."

आमच्या यांच्याकडे रजा शिल्लक नव्हती. सासूबाई म्हणाल्या, मला अजून जगायचंय. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, मला मे महिन्याची सुट्टी होती. आणि मामंजींची अट एकच होती. शेजारी बसणाऱ्याची नजर चांगली हवी, थर्मामीटर वाचायला.

जालन्याच्या पुढे

पुणे ते जालना दोन दिवस लागले. वाटेत मोटर चार वेळा उकळली. त्याचं वर्णन करत नाही, कारण चारही वेळा अगदी सारखं झालं: वाफ, खाकरणं, लिंबाच्या झाडाखाली तासभर बसणं, आणि सासूबाईंनी दिलेल्या दशम्या.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जालना सोडलं. देऊळगावराजाला बुलढाणा जिल्हा लागला. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि पुण्यातले आम्ही लोक 'विदर्भ आता आपलाच' असं भाषणात म्हणत असलो तरी इकडे आलेला माणूस आमच्या आळीत एकही नव्हता. काळी रानं नांगरून उघडी पडलेली. भेगा अशा, की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंब आणि बाभळी, आणि लांबवर बोडके डोंगर. सकाळचे आठ वाजले आणि वारा सुटला. मला बरं वाटलं. मामंजींना वाटलं नाही.

"कितीवर आहे?"

"रेघेच्या दोन बोटं खाली."

"वारा मागून आहे," ते म्हणाले. "आपण पूर्वेला चाललोय, वाराही पूर्वेला चाललाय. दोघांचा वेग सारखा. मग जाळीतून वारा जाणार कसा? कितीवर आहे?"

"दीड बोट."

यावर त्यांनी तोडगा काढला. थांबू तिथे गाडी वळवायची आणि तिचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची. दुसरबीडला चहासाठी थांबलो तेव्हा आमच्या गाडीचं तोंड असं पुण्याकडे होतं. हॉटेलवाल्यानं विचारलं, "कुठं चालले?"

"मेहकरला," मामंजी म्हणाले.

त्यानं गाडीकडे बघितलं. "मंग परत काऊन जाऊन राह्यले?"

मामंजींनी त्याला वाऱ्याचं शास्त्र समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आणखी दोन चमचे साखर घालून चहा दिला. इकडे चहात साखर इतकी घालतात, की पुण्यात तेवढ्यात एका घराचा आठवडा निघेल. एकदा सवय झाली की आमचा चहा आजाऱ्याचा वाटतो.

त्याआधी सिंदखेडराजा लागलं होतं. तिथला इतिहास मी आठ वर्षं वर्गात शिकवते आहे, म्हणून म्हटलं, दहा मिनिटं थांबू या. मामंजी म्हणाले, "आत्ता रेघेच्या तीन बोटं खाली आहे. आत्ता थांबलो तर इंजिन मनावर घेईल." मी इतिहास चालत्या गाडीच्या खिडकीतून बघितला. तोही अर्धाच, कारण अर्धा वेळ मला थर्मामीटर बघायचा होता.

मामंजींची आणखी एक सवय त्या दिवशी लक्षात आली. ते कशालाही हॉर्न देत. समोरून बैलगाडी आली की हॉर्न, तसाच रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीलाही. मला ती जुन्या लोकांची शिस्त वाटली.

बीबी

बीबी या वाटेवरच्या गावात त्या दिवशी बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मिरच्यांचे ढीग. मिरच्या अशा लालभडक, की डोळे तिकडेच जावेत. माझे गेले. दोनच मिनिटं गेले असतील.

"कितीवर आहे?" असं मामंजींनी विचारलं आणि मी पुढे बघितलं, तेव्हा डबीत रेघ दिसत नव्हती, सगळं लालच होतं. मी तोंड उघडलं तोच बंदुकीसारखा आवाज झाला. टोपीचे आटे झिजलेले होते. टोपी उडाली, थर्मामीटरसकट वर गेली आणि एका म्हातारीच्या मिरच्यांच्या ढिगात जाऊन पडली. मागोमाग वाफेचा लोट आणि तांबडं पाणी.

क्षणात सगळा बाजार आमच्याभोवती. कुणी घागर आणली, कुणी बादली. एकानं तर बादली उचलून इंजिनावर ओतायला हात मागे नेला, इतक्यात गर्दीतून आवाज आला, "थांब बे! थंडं पाणी टाकतं का त्याच्यावर? लोखंडाले भेग पडन!"

हे किसनराव. पन्नाशीचे, भुवया आणि मिशा पिठानं पांढऱ्या. रस्त्यालगतच त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणी ऑइल इंजिनवर चालायची आणि ते इंजिन गार ठेवायला शेजारी पाण्याचा हौद होता. पुढे कळलं की लढाईत ते ब्रह्मदेशाच्या बाजूला मिलिटरीचा ट्रक चालवत होते.

ते इंजिनाशी वाकलेले, आणि मी म्हातारीच्या ढिगाशी. टोपी सापडली, पण काच फुटून मिरच्यांत गेली होती. मी कानकोंडी होऊन म्हटलं, "आजी, तुमचा ढीगच वाया गेला."

"वाया कायले जाते?" म्हातारी म्हणाली. "काच येचून द्या, मंजे झालं."

मी उकिडवी बसून काचा वेचल्या. तास तरी लागला असेल. शिंका किती आल्या ते मोजणं शक्य नव्हतं. चाळिसाव्या-पन्नासाव्या शिंकेला म्हातारीनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "पुन्याचं नाक दिसते."

मी नाक पुसत परतले तेव्हा किसनरावांचा हात दोन नळ्यांवर होता. "हे पाहा साहेब. वरची नळी भाजून राह्यली, खालची थंडी. मंजे पाणी फिरतच नाई."

"आमचं पाणी आपोआप फिरतं," मामंजी म्हणाले.

"फिरत असन. वाट मोकळी असन तर फिरन. जाळी साफ कधी केली होती?"

"साफ?" मामंजींना प्रश्नच कळेना. "अहो, आत पाणीच तर आहे."

किसनरावांनी खालची तोटी सोडली. आधी काहीच आलं नाही. मग तारेनं टोचल्यावर जे आलं त्याला पाणी म्हणणं कठीण होतं. नाचणीची आंबील गंजाच्या डब्यात ठेवली तर होईल तसं काहीतरी ते होतं. पंधरा वर्षं विहिरीचं जड पाणी आत गेलं होतं आणि त्यातलं पाणी तेवढं उडून गेलं होतं.

"हे आता सोड्याबिगर निंघत नाई," म्हणून किसनरावांनी गिरणीमागच्या अंगणाकडे हाक मारली, "लक्ष्मी, खार हाये का गं?"

अंगणात चार-पाच बायका उडदाचे पापड लाटत बसल्या होत्या. किसनरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पदराला हात पुसत आल्या. "खार पापडाचा हाये. किती पाह्यजे? चिमूटभर?"

"शेरभर."

"शेरभर? कोन्ते पापड करून राह्यले तुमी?"

हा खार लोणारचा. लोणारचं ते मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर इथून जवळच; त्याच्या काठचा खार इकडे पापडात घालतात. मामंजी एकदम उठले. "माझ्या इंजिनात पापडखार? शक्य नाही. साहेबाच्या पुस्तकात असलं काही लिहिलेलं नाही."

इथे मी आयुष्यात पहिल्यांदा मामंजींना उलटून बोलले. मी म्हटलं, "मामंजी, आपल्या चहाच्या किटलीत खपली धरली की सासूबाई सोडा घालून उकळतात. तेव्हाच ती साफ होते."

मामंजींनी आधी जाळीकडे बघितलं. मग म्हणाले, "किटली कुठली?"

"तीच. तुमची निळी."

ती किटली त्यांच्या रोजच्या वापरातली. ते गिरणीसमोरच्या खाटेवर जाऊन बसले, म्हणजे परवानगी मिळाली.

गरम पाण्यात खार विरघळवून जाळीत ओतला, इंजिन चालू केलं, आणि पाच-सात मिनिटांत तोंडातून फेस यायला लागला. आधी पांढरा, मग तपकिरी. बॉनेटवरून, दिव्यांवरून, खाली रस्त्यावर. पापडवाल्या बायका पोळपाट-लाटणी सोडून बघायला आल्या. एकीनं विचारलं, "हिले पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं काय?" सगळ्या हसल्या, आणि खाटेवरचे मामंजी तेवढे हसले नाहीत.

मग धुणं. एक हंडा, दुसरा, तिसरा, आणि पाणी निवळेचना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वैशाखात हे हंडे कुठून येतायत. विहीर गावाबाहेर होती, पाणी तळाला गेलेलं, आणि लक्ष्मीबाई आणि त्यांची जाऊ डोक्यावरून ते आणत होत्या. पुण्यात आमच्याकडे कुणी तांब्याभर पाणी मागितलं तरी आम्ही आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मी हंडा घ्यायला पुढे झाले आणि म्हटलं, "लक्ष्मीबाई, पुरे आता. तुमच्या प्यायच्या पाण्याचं काय?"

"अवं बाई, पाहुन्याले पाणी नाई मनते का कोनी?" त्या म्हणाल्या. "हिची तहान पाहा तं खरी. बाळंतिणीवानी पिऊन राह्यली." हंडा त्यांनी मला दिला नाही. पुढच्या खेपेला मात्र विहिरीवर सोबत नेलं, आणि परतताना माझा अर्धा हंडा माझ्याच अंगावर सांडला.

पाचव्या हंड्याला पाणी स्वच्छ आलं. खालची नळी हाताला गरम लागायला लागली. पाणी फिरत होतं. किसनरावांनी तोटी बंद केली, सगळ्यांनी "हाव! झालं!" केलं, आणि जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक धार सुरू झाली. जाळीला तिथं जुनं भोक होतं. इतकी वर्षं ते गाळानंच बुजून राहिलेलं होतं.

मामंजी खाटेवरून म्हणाले, "साहेबाच्या पुस्तकात लिहिलं नव्हतं ते यासाठीच."

किसनराव डगमगले नाहीत. "लक्ष्मी, हळद!"

ट्रकवाले हे करतात म्हणे. चांगली ओंजळभर हळद पाण्यात कालवून आत घातली. इंजिन चाललं, पिवळं पाणी थोडा वेळ ठिबकलं, मग थेंब थेंब झालं, मग थांबलं. हळद भोकात जाऊन बसली होती. टोपीचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. थर्मामीटर तर मिरच्यांत संपला होता, आणि टोपीच्या आट्यांना काही धरत नव्हतं. किसनरावांनी बाभळीचा एक खुंटा तासला, वाफ जायला त्याला बारीक भोक पाडलं, भोवती चिंधी गुंडाळली आणि जाळीच्या तोंडात घट्ट बसवून सुतळीनं बांधला.

खुंट्याचं हे काम चाललं होतं तेव्हा मामंजी घरात जेवत होते. मीही मग जेवले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, जवसाची चटणी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे भरितात दही घालून त्याला सभ्य करतात. हे भरीत सभ्य नव्हतं. मी तीनदा मागून घेतलं.

निघताना किसनराव दोन पाण्याचे डबे घेऊन मागच्या सीटवर येऊन बसले. "हळदीचा भरोसा नाई. मेहकरलोक येतो. गिरणी लक्ष्मी पाह्यते."

सुलतानपूरच्या पुढे

गाडी कधी नव्हे इतकी छान चालली होती. घुरघुर नाही, वाफ नाही. सुलतानपूर मागे पडलं, लोणारचा फाटा मागे पडला. मामंजी खुशीत येऊन आक्कांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते. आणि मधेच, सवयीनं, म्हणाले, "सूनबाई, कितीवर आहे?"

मीही सवयीनं "रेघेच्या खाली" म्हणणार होते. पुढे बघितलं. सुतळीनं बांधलेला बाभळीचा खुंटा होता.

मामंजी मान थोडी पुढे करून, डोळे बारीक करून त्या खुंट्याकडे बघत म्हणाले, "मला इथून दिसतंय. जरा चढलाय."

मागे किसनरावांचं तंबाखू मळणं थांबलं. ते हळूच पुढे वाकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, थांबवा जरासं. पाणी पाहू."

गाडी थांबली. किसनराव उतरले, पण पाणी बघायला गेले नाहीत. दहा पावलांवर जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या माणसाचं शहाणपण मला त्या क्षणी कळलं.

"मामंजी," मी म्हटलं, "पुढे थर्मामीटर नाहीये. बीबीलाच फुटला. ते लाकूड आहे."

त्यांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "दोन वर्षं झाली. उजव्यानं नुसतं दुधी दिसतं. डाव्यानं थोडं बरं."

"मग गाडी कशी चालवत होता?"

"दोन्हीकडची झाडं दिसतात ना. रस्ता त्यांच्या मधे असतो."

पुण्यापासून इथपर्यंत अडीचशे मैलांवर आम्ही आलो होतो. त्यातला एकेक पूल, एकेक घाट, एकेक कडब्याची गंजी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मला भयंकर राग आला. मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "मामंजी, आपण मेलो असतो! आणि तुम्ही आक्कांना सांगायला निघालात, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे म्हणून?"

"कुठल्या तोंडानं सांगणार होतो, तेच तीन दिवस विचार करत होतो," ते म्हणाले. "सुरी डोळ्याला लावतात गं. नुसता दात काढायचा म्हटलं तरी मी दोन दिवस आधीपासून जेवत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्काला सांगू नकोस. ती मला जन्मभर सोडणार नाही."

मी कबूल झाले, एका अटीवर: गाडी आता किसनराव चालवतील. मामंजी खाली उतरले, गाडीला हात लावत लावत मागच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही डबे मांडीशी धरून बसले. किसनराव स्टेअरिंगवर बसून म्हणाले, "बर्मात रस्ताबी नव्हता साहेब, अन् झाडंच झाडं होती." मामंजींच्या समजुतीखातर ते बोलले, पण मला हसू आलं, आणि मग मामंजींनाही आलं. पुढचे काही मैल आम्ही तिघं कारण नसताना हसत होतो.

मेहकर

आक्कांचं घर बालाजीच्या देवळाच्या वाटेवर आहे. गाडी दारात थांबली तेव्हा त्या ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या, म्हणजे खडे सुपात ठेवत होत्या आणि तूर बाहेर टाकत होत्या. कोंबड्या भोवती जमलेल्या. माहेरी आल्या की ऐकलेला तो हॉर्न वाजला आणि त्यांचा हात थांबला.

"ही दत्तूची गाडी होय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धक्का होता. ओट्यावरून उतरल्या, चाचपडत पुढे आल्या आणि पोराचा ताप बघावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला. "ताप नाई हिले."

"नाही म्हणजे नाही!" मामंजी म्हणाले. "आता चल पुण्याला."

पन्नास वर्षांत आक्कांची पुण्याची भाषा धुऊन निघाली आहे. मामंजींना ते खपत नाही, पण आक्का ऐकत नाहीत. "थांब बे, दत्तू. मले एक सांग. तू मागच्या दारातून काऊन उतरला?"

"कोण? मी?"

"दार कुठलं वाजलं ते मले आयकू येते. तू आपली गाडी सख्ख्या भावाले चालवू देणारा नाई. कोनाले दिली चालवायले?" आणि मग आवाज बदलून, "डोळ्याले काय झालं तुह्या?"

मी वचन पाळलं. मामंजी म्हणाले, "माझे डोळे उत्तम आहेत."

"मंग सांग, मी कोन्त्या रंगाचं लुगडं नेसली?"

मामंजींनी डोळे बारीक केले. "हिरवं."

"पाह्यलं? चुकला! तांबडं हाये!" आक्का विजयानं म्हणाल्या, आणि खात्रीसाठी दाराकडे वळल्या. "शांते, तांबडंच हाये ना?"

दारातली शांता ओठ दाबत म्हणाली, "निळं हाये, आक्का."

कोंबड्यांनी तेवढ्यात उरलेली तूर संपवली.

मग आक्का ओट्यावर बसल्या आणि मामंजींना हात धरून शेजारी बसवलं. हात धरायला दोनदा हुकल्या. "मले वाटलं मीच भित्री," त्या म्हणाल्या. "म्हटलं देव मले डोळे मिटून दिसते, सुरी कायले पाह्यजे. म्हणून गाडीचं लिवलं. वाटलं, दत्तूची गाडी येत नाई, अन् माहं जाणं होत नाई."

"मीही भितो," मामंजी म्हणाले. हे त्यांनी माझ्यासमोर, शांतासमोर आणि किसनरावांसमोर म्हटलं. घरी मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंना खरं वाटलं नाही.

"आधी तू कर मंग," आक्का म्हणाल्या.

"तू थोरली."

"लहानाचं आधी करते."

रात्रीच्या जेवणापर्यंत हे चाललं. आमरस झाला, मेथीची भाजी झाली, विष्णू मळ्यातून भेंडी घेऊन आला. शेवटी ठरलं, की जायचं दोघांनी आणि कोण आधी ते तिथे बघायचं. एसटी नको, तर गाडी चालवणार कोण, हा प्रश्न किसनरावांनी सोडवला. "मी नेतो. मिलिटरीतून परत आलो तवापासून जिल्ह्याभाईर निंघलो नाई. मले पुणं पाह्यचं हाये." त्यांच्या बायकोला विचारायला बीबीला थांबलो, तेव्हा लक्ष्मीबाई म्हणाल्या, "जा. इथं असले तरी गिरणी मीच चालवते." आणि मला पापडाची एक चळत दिली.

परत

परतीला वारा समोरून होता. भरभरून जाळीतून येत होता, आणि हळद आपल्या जागी बसलेली होती. पुण्यापर्यंत मोटर एकदाही उकळली नाही. मी पुढे बसून पहिल्यांदाच रस्ता बघितला, आणि सिंदखेडराजालाही दोन तास थांबून सगळं बघितलं. मागच्या सीटवर बहीणभाऊ दोन दिवस एकमेकांना धीर देत होते, म्हणजे दुसऱ्याला कसं काहीच दुखणार नाही ते सांगत होते.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही सकाळीच पोचलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "आधी कुणाला तपासायचं?"

आक्कांनी आवाजाच्या अंदाजानं बोट उचललं आणि नेमकं मामंजींवर रोखलं. त्याच क्षणी मामंजींनीही मोठ्या ठामपणानं बोट उचललं आणि म्हणाले, "हिला."

त्यांचं बोट कोपऱ्यात खुंटीवर टांगलेल्या डॉक्टरांच्या कोटाकडे होतं.

डॉक्टरांनी बोटाकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, आणि नर्सला म्हणाले, "आधी यांना आत घ्या."